एकाच नंबरच्या दोन गाड्या

जुन्या गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवायचा आणि तिचा रंग कारखान्यातच लागलेला आहे की नंतर कुठल्या गॅरेजात मारलेला, ते सांगायचं, हे माझं सध्याचं काम. आमच्या चिंचवडच्या सोसायटीत मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या बाईंना वाटलं मी थट्टा करते आहे. "एवढ्यासाठी तुम्हाला गाडी पाठवून बोलावतात?" त्यांनी विचारलं. बोलावतात. आणि प्रत्येक वेळी निघताना मी पिशवी तीनदा तपासते, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

तेवीस वर्षं मी रंगाच्या तपासणीत काढली. आधी पिंपरीत एका लहान कारखान्यात, नंतर चाकणच्या मोठ्या कंपनीत. दोन्ही बाजूंनी ट्यूबलाइट लावलेला एक बोगदा असतो. त्यातून ताजी रंगवलेली बॉडी सरकत येते आणि आपण पातळ हातमोजा घालून तिच्यावरून तळवा फिरवायचा. धुळीचा कण, रंगाचा ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा. डोळ्यांना दिसत नाही ते तळव्याला कळतं. एका बॉडीला मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात खडूने खूण करायची नाहीतर सोडून द्यायची. सोडून दिलेली चूक पुढे सापडली की शिफ्टच्या मीटिंगमध्ये नाव आपलं. हातावर विश्वास आणि निर्णयावर संशय, अशी सवय मला तिथेच लागली. कंपनी सुटली तरी ती सुटली नाही.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर घरी बसले होते. आमचे हे प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रे दाबून आकार देतात त्या विभागातून, निवृत्त झालेले. त्यांचा वेळ कासारवाडीला रफिकभाईंच्या गॅरेजात जायचा. रफिकभाई जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. एकदा तिथे एका जीपवरून वाद पेटला. मालक म्हणत होता रंग मूळचा आहे, घेणारा म्हणत होता नाही. ह्यांनी मला बोलावून घेतलं. मी बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इथे तीन वेळा रंग मारलाय, आणि डाव्या कोपऱ्यात खाली पुट्टी भरली आहे." रफिकभाईंनी पातं लावून कोपरा खरवडला. पुट्टी निघाली. त्यानंतर लोक यायला लागले. रंगाची जाडी मोजायचं हातात मावेल असं यंत्र मी घेतलं, आणि पत्रावर सही करून लिहून द्यायला लागले.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येतात ते पिकअपवाले. पुढे दोन-तीन माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा, ती पिकअप. आज चाकण चौकात दर मिनिटाला चार जातात, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. मग पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या एखाद्या पिकअपसाठी जाणती माणसं एवढी वेडी का होतात? जुनी मोटार श्रीमंताघरची होती. तिला छप्पर होतं, ड्रायव्हर तिला रोज पुसायचा. पिकअप राबायची. कांदे, खत, सिमेंट, दुधाचे कॅन. हौद्याचा पत्रा काही वर्षांत सडायचा, मग मालक तो कापून लाकडी बॉडी बांधायचा. पेट्रोल परवडेना झालं की मूळ इंजिन काढून डिझेलचं बसवायचा. पार थकली की भंगारात. ही राखून ठेवावी असं कुणाच्या मनातच आलं नाही. त्यात आपल्याकडे बहुतेक गाड्या नुसता सांगाडा म्हणून विकल्या जायच्या आणि बॉडी इथले कारागीर बांधायचे. कारखान्यातूनच पोलादी हौदा लागून आलेल्या पिकअप तेव्हाही थोड्याच होत्या.

म्हणून आज सर्वांत दुर्मीळ काय, तर तो मूळ हौदा आणि त्याचा मागचा फाळका, म्हणजे खाली उघडणारं दार, ज्याच्या पत्र्यात कंपनीचं नाव दाबून उठवलेलं असतं. त्याखालोखाल नंबर. गाडीच्या खालच्या सांगाड्यात, म्हणजे चेसिसमध्ये ठोकलेला, केबिनमधल्या पट्टीवरचा आणि नोंदणीपुस्तकातला, तिन्ही नंबर एक पाहिजेत. आणि मग रंग. कारखान्यातला पहिला रंग एकदाच लागतो. त्यामुळे खरचटलेली, फिकट पडलेली, पण पहिल्या रंगातली गाडी चकचकीत गाडीपेक्षा भाव खाते. हे कळल्यावर लोक काय काय करतात. निगडीच्या एका गृहस्थांनी बॉनेटला रोज मिठाचं पाणी लावून गंज आणला होता. मी तो बोटाने पुसून दाखवला, तर म्हणाले, "मॅडम, दोन महिने मेहनत केलीय हो."

अशा माणसांवर मी हसायचे. माझीच चूक होईपर्यंत.

केतन बर्वे हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. चाळिशीतला, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी परजिल्ह्यातल्या एका दलालाकडून गडद हिरवी पिकअप घेतली होती. मूळ हौदा, मूळ फाळका. मला बोलावलं. शेडचं शटर वर गेलं आणि मी जागीच उभी राहिले. तो रंग पहिला होता. यंत्र लावायच्या आधी तळव्याला कळलं. दाराच्या कडेला, जिथे माणूस कोपर टेकवतो, तिथे तो झिजून खालचं तांबूस अस्तर दिसत होतं. असा झिजलेला रंग कुणाला खोटा करता येत नाही. मी तास-दीड तास त्या गाडीभोवती फिरत होते. मग पट्टी पाहिली, पुस्तक पाहिलं, पुढच्या चाकाजवळ चेसिसवरचा नंबर कापडाने पुसून पाहिला. नेहमीप्रमाणे त्यावर कागद धरून पेन्सिल घासली आणि नंबरचा ठसा घेतला. तिन्ही जुळले. मी पत्र लिहून दिलं. गाडी सर्वार्थाने अस्सल. केतनरावांनी ती हिवाळ्यातल्या एका मोठ्या प्रदर्शनासाठी नोंदवली, माझं पत्र जोडून.

आकड्यांच्या घडणीकडे मी नीट पाहिलं नव्हतं. जुळतात एवढंच पाहिलं. रंगाने माझे डोळे भरले होते.

दोन महिन्यांनी, एका सोमवारी, रफिकभाई मला राजगुरुनगरच्या पुढे एका गावात घेऊन गेले. "एक म्हातारे आहेत, किसनराव टाकळकर. सगळे अण्णा म्हणतात," ते वाटेत म्हणाले. "त्यांच्या पिकअपचे कागद हरवलेत. गाडी खरी आहे असं कुणी लिहून दिलं तर आरटीओ कचेरीत पुन्हा अर्ज करता येईल. फी मात्र मागू नका, बाई."

गाडी गोठ्याच्या भिंतीला लागून उभी होती. निळी. ऑइलपेंटचे ब्रशचे फराटे लांबून दिसत होते. यंत्र लावलं तर त्याने आकडाच दाखवला नाही, एवढा जाड थर. मला हसू आलं.

"दिवाळीला घराला रंग दिला की उरल्याला हिला देतो," अण्णा म्हणाले. ऐंशीच्या आसपासचे, ताठ, हातात काठी नसलेले. "आधी हिरवी व्हती. गडद. जोंधळ्याच्या पानागत."

मी मागे गेले. हौदा मूळचा होता. फाळक्यावरची अक्षरं निळ्या रंगाखाली बुजली होती, पण बोटांना लागत होती. या हौद्यातून अण्णांनी तीस वर्षं चाकणच्या बाजारात कांदे-बटाटे नेले होते. केबिनमध्ये पाहिलं तर पट्टीच्या जागी रिव्हेटची चार भोकं.

"पट्टी कुठे गेली, अण्णा?"

"पासिंग करून देनारा एक एजंट व्हता. कागद त्याच्याकडं दिलं, गाडी चार दिस त्याच्या गॅरेजात व्हती. परत आली तर पट्टी न्हाई. कागद मागाया गेलो तर तो मानूसच न्हाई. आता कचेरीत म्हनत्यात, या नंबरची गाडी दुसऱ्याच्या नावावर चालू हाय. मग ही दारात उभी हाय ती कोनाची?"

मी खाली वाकले. चेसिसवरची माती रॉकेलच्या फडक्याने पुसली. अण्णा माझ्या शेजारीच गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते. एकेक आकडा वर आला. चौथ्या आकड्याला माझा हात थांबला. उरलेले आकडे मी न पुसता सांगू शकले असते. हा केतनरावांच्या गाडीचा नंबर होता, मीच माझ्या पत्रात लिहिलेला.

"दिसतोय का, बाई?" अण्णांनी विचारलं.

"पुसट आहे," मी म्हणाले. "घरी जाऊन नीट बघून कळवते."

हे तोंडातून आलं आणि मग ते मागे घेता येईना. सवयीने कागद धरून ठसा तेवढा घेतला.

अण्णांचा मुलगा संतोष तेवढ्यात बाहेर आला. चाकणला कंपनीत आहे, शिफ्टला निघाला होता. "मॅडम, मी स्पष्टच सांगतो," तो म्हणाला. "इथे भाड्याच्या खोल्या काढायच्यात. कंपनीतली पोरं रोज विचारत येतात. मिस्त्री ठरलाय. रविवारी भंगारवाले येणार आहेत. कागद होणार असतील तर मी एक शब्द बोलणार नाही, वर शेड बांधून देईन. पण होणार नसतील तर अण्णांनी आता हट्ट सोडावा."

अण्णांनी मी टाकलेलं रॉकेलचं फडकं उचलून त्याची घडी घातली.

परत येताना रफिकभाईंनी विचारलं, "बाई, गप्प का?" मी म्हटलं डोकं दुखतंय. दुखत होतंच.

घरी आल्यावर दोन्ही ठसे जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले. तोच नंबर. पण आकडे तेच नव्हते. अण्णांच्या ठशातला चारचा आकडा वरून उघडा होता. केतनरावांच्या ठशातला चार वरून मिटलेला, त्रिकोणासारखा. आकड्यांमधलं अंतरही कमी-जास्त. एका कारखान्यातून, एका वर्षात निघालेल्या गाड्यांवर दोन तऱ्हेचे चार असत नाहीत. कुणीतरी एका गाडीचा नंबर घासून काढून दुसरीचा ठोकला होता. कांदे वाहणाऱ्या, दर दिवाळीला ऑइलपेंट फासणाऱ्या माणसाने हे केलं असेल, असं स्वतःला पटवायचा मी दोन दिवस प्रयत्न केला. पटलं नाही.

काय झालं असणार ते उघड होतं. अण्णांचे कागद आणि पट्टी त्या एजंटकडून फिरत फिरत दलालाकडे गेली. दलालाकडे सुंदर हिरवी गाडी होती, पण तिला कागद नव्हते. त्याने तिला अण्णांच्या गाडीचं नाव दिलं. आणि ते नाव खरं आहे असं मी सही करून लिहून दिलं होतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी काहीच केलं नाही. फोन वाजला की दचकायचे. केतनरावांचा असेल, पोलिसांचा असेल. पेपरात माझं नाव येईल. ह्यांच्या निवृत्तीच्या वयात लोक म्हणतील, बायको खोट्या गाड्यांना पत्रं देते. आमटीत दोनदा मीठ पडलं, एकदा पडलंच नाही. बँकेत रांगेत उभी होते तर काउंटरवरच्या मुलीने तीनदा हाक मारली तरी मला कळलं नाही. संतोषला एक फोन करून "रविवारचं पुढे ढकला" एवढं म्हणायचं होतं. पण तो "का" म्हणून विचारणार, आणि त्या "का"चं उत्तर माझ्या पत्रापर्यंत येणार. म्हणून नंबर काढायचे, बघायचे आणि फोन खाली ठेवायचे.

शुक्रवारी मी वहीत लपवलेले ठसे ह्यांनी पाहिले. वाचायचा चष्मा लावून खिडकीपाशी नेले. प्रेस शॉपमधला माणूस.

"हे एका ठोक्यात पडलेले आकडे," अण्णांच्या ठशावर बोट ठेवून ते म्हणाले. "आणि इथे एकेक आकडा वेगळा ठोकलाय. दाब बघ, कुठे खोल, कुठे उथळ. हातोडीचं काम आहे." मग चष्मा काढून म्हणाले, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"सोमवारपासून."

"आज शुक्रवार आहे," ते म्हणाले. ठसे वहीत परत ठेवून दिले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

शनिवारी सकाळी मी एकटीच रिक्षाने हिंजवडीला गेले. पिशवीत पोलादी फूटपट्टी, बॅटरी आणि रंग काढायचं पातं. केतनराव खुशीत होते, त्यांनी चहा मागवला. मी म्हटलं, "आधी गाडी बघू." चेसिसवरचा काळा रंग नंबरच्या आजूबाजूला खरवडला, पोलादी फूटपट्टी आडवी धरली आणि मागून बॅटरीचा उजेड पाडला. फूटपट्टीखालून उजेडाची फट दिसली. नंबरच्या जागी पोलाद घासून खोलगट झालं होतं. हे दोन महिन्यांपूर्वी करायला मला दहा मिनिटं लागली असती.

मी त्यांना सगळं सांगितलं. ते तिथेच एका टायरवर बसले.

"मॅडम, हे अजून कुणाला माहीत आहे?"

"माझ्या यजमानांना."

"मला दोन दिवस द्या. वकिलांशी बोलतो. तोवर कुणाला सांगू नका. प्लीज."

तो माणूस वाईट नव्हता. घाबरला होता, माझ्यासारखाच. मी म्हणाले, "दोन नाही. उद्या सकाळी सातपर्यंत. त्यानंतर मी त्या म्हाताऱ्यांच्या मुलाला फोन करणार." भंगारवाले रविवारी येणार, तेही नाश्ता-पाणी करून नऊ-दहाला, असा माझा हिशोब. एवढी हिंमत केली म्हणून मला थोडं हलकंही वाटत होतं.

परतीला वाकडच्या आधी रिक्षा अडकली. पुढे-मागे कंपन्यांच्या कॅब, कुणीच हलत नव्हतं. दुपारचा एक वाजून गेला होता. रफिकभाईंचा फोन आला.

"बाई, संतोषचा आत्ता फोन आला होता, शिफ्टला आत जाता जाता. भंगारवाले आजच आलेत. गॅसकटरवाल्याला उद्या दुसरं काम आहे म्हणे. तुम्ही काही कळवलं नाही, म्हणून तो हो म्हणाला."

"थांबवा त्यांना," मी म्हणाले. "रफिकभाई, थांबवा. नंबर खरा आहे."

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी संतोषला लावा. त्यांनी फोन ठेवून संतोषला लावला. पण कंपनीत आत जाताना मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो, हे मला तेवीस वर्षांच्या सवयीने माहीत होतं. अण्णांकडे फोनच नव्हता, आणि त्यांच्या सुनेचा नंबर आमच्यापैकी कुणाकडे नव्हता.

रफिकभाई मला नाशिक फाट्यावर घ्यायला आले. भोसरी, मोशी, चाकण. चाकणच्या चौकात कंटेनर आडवा झाला होता. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही. ते स्टिअरिंगवर बोटं आपटत होते आणि मी मनात तो फाळका बघत होते, ज्याची अक्षरं मी सोमवारी बोटांनी वाचली होती.

पोचलो तेव्हा चार वाजले होते. गोठ्यापुढे जळक्या रंगाचा वास होता. हौदा नव्हता. त्याचे तुकडे टेम्पोत भरून केव्हाच गेले होते. गाडीची पुढची बाजू आणि उघडा सांगाडा तेवढा उभा होता, मागे जळून काळा पडलेला. आणि केबिनमध्ये, स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून, अण्णा बसले होते.

त्यांच्या सुनेने सांगितलं ते असं. कटर पेटवल्यावर अण्णा केबिनमध्ये जाऊन बसले आणि उतरेनात. माणसं म्हणाली, आजोबा, आधी मागचं कापतो, तोवर तुम्ही बसा. मागचं कापून झालं तरी ते उतरले नाहीत. आत माणूस असताना केबिन कशी कापणार? शेवटी ती माणसं उरलेलं नंतर नेऊ म्हणून निघून गेली.

मी दारापाशी गेले. "अण्णा, नंबर खरा आहे. गाडी तुमचीच आहे."

"ते मला ठाऊकच हाय, बाई," ते म्हणाले. आवाज शांत होता. "मागं आगीचा फर्र आवाज येत व्हता. मी वळून बघितलं न्हाई."

रफिकभाईंनी भंगारवाल्याचा पत्ता काढला, दुसऱ्या दिवशी जाऊनही आले. पत्र्याची चळत ट्रकमधून पुढे गेली होती. फाळका काही मिळाला नाही. संतोष शनिवारी रात्री शिफ्टवरून येईपर्यंत आम्ही थांबलो होतो, आणि तो सगळं ऐकून ओसरीवर बसून राहिला. मला तो एक शब्दही वाकडा बोलला नाही. "मॅडम, तुमचा एक फोन आला असता तर," एवढंच म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडलं.

रविवारी सकाळी सात वाजता मी केतनरावांना फोन केला नाही. त्यांचाच आला. रात्रभर जागे होते. सोमवारी ते स्वतः पोलीस ठाण्यात गेले, दलालाविरुद्ध तक्रार दिली, प्रदर्शनातून गाडीचं नाव काढून घेतलं. मी माझं पत्र मागे घेतल्याचं दुसरं पत्र लिहिलं. त्यात "तपासणीत माझी चूक झाली" हे वाक्य कुठे घालावं हे मला समजेना. शेवटी ते पहिलंच वाक्य केलं. त्या पत्राच्या प्रती ज्यांना ज्यांना आधीचं पत्र गेलं होतं त्यांना पाठवल्या. पुढच्या महिन्यात तीन जणांनी ठरलेली कामं रद्द केली. माझ्या जुन्या सगळ्या ठशांची वही काढून मी एकेक पुन्हा तपासला. बाकीचे ठीक निघाले, पण तपासून होईपर्यंत घास गोड लागला नाही.

चौकशी सात-आठ महिने चालली. शेवटी दोन्ही गाड्या एकत्र तपासायचं ठरलं, ते रफिकभाईंच्या गॅरेजात. अण्णांच्या गाडीचा सांगाडा टो करून आणला होता. शेजारी केतनरावांची हिरवी गाडी. एका गाडीला नाव होतं आणि हौदा नव्हता. दुसरीला हौदा होता आणि नाव नव्हतं. जे सगळ्यांच्या मनात आलं, ते केतनराव बोलले.

"अण्णा, हा हौदा तुमच्या गाडीला बसेल. घेऊन जा. माझी गाडी आता रस्त्यावर यायचीच नाही."

अण्णा हिरव्या गाडीभोवती एक फेरी मारून आले. फाळक्यावरच्या अक्षरांवर हात ठेवला. "न्हाई," ते म्हणाले. "हीबी कोनाची तरी आसंल. कुनी तरी तिचा नंबर घासला, आता हौदाबी मी काढू? आसू द्या तिच्यापाशी."

केतनरावांनी मान खाली घातली. पुढे त्यांनी त्या गाडीचा मूळ मालक शोधायला बरीच खटपट केली. अजून सापडलेला नाही.

आरटीओचे इन्स्पेक्टर यायला वेळ होता. अण्णा आणि मी गॅरेजबाहेरच्या बाकावर बसलो. इतके महिने मी जे टाळत होते ते तिथे बोलले.

"अण्णा, त्या सोमवारी नंबर पुसट नव्हता. मला तेव्हाच वाचता आला होता. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मी शेजारी वाकलो व्हतो की," ते म्हणाले. "मला विंग्रजी आकडं वाचता येत न्हाईत. पन साफ दिसत व्हते."

मी त्यांच्याकडे वळले. "मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुमी शिकलेल्या. म्हनलं, काय तरी कारन आसंल."

माफी मागायचे शब्द घरून ठरवून आणले होते, ते कुठे गेले कळलं नाही. अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि पुन्हा घातली. रफिकभाईंनी चहा आणून दिला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

इन्स्पेक्टर आले. तरुण होते, हातात फायलींचा गठ्ठा, सोबत पोलीस हवालदार आणि दोन पंच. त्यांनी आधी हिरव्या गाडीचं लिहून घेतलं. घासलेल्या जागेवर पोलादी फूटपट्टी धरून मी त्यांना फट दाखवली. मग ते निळ्या सांगाड्यापाशी आले, खाली वाकायला लागले, आणि अण्णांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"सायेब, तुमी नका वाकू. बाईंना वाचू द्या."

इन्स्पेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. "वाचा," ते म्हणाले.

मी खाली बसले. सिमेंटवर गुडघे टेकले. रफिकभाईंनी आधीच जागा स्वच्छ करून ठेवली होती. पहिला आकडा जरा जास्तच मोठ्याने म्हटला. मग दुसरा, तिसरा. चारचा आकडा आला तिथे मी थांबून इन्स्पेक्टरांना सांगितलं, "हा वरून उघडा आहे, तसं लिहा." त्यांनी लिहिलं. मी शेवटपर्यंत वाचलं.

वर पाहिलं तर अण्णा केबिनच्या दाराला धरून उभे होते. ओठ हलत होते. मी म्हटलेला एकेक आकडा ते हळूच परत म्हणत होते, पाठ करत असल्यासारखे.

"झालं?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"आजून एकदा वाचा, बाई," अण्णा म्हणाले. "सावकाश."